पहिला शब्द कुणाचा

थोरलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा डोंबिवलीत भूकंप झाला. पेपरात आलं नाही, एवढंच. मानपाड्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी लिफ्टपेक्षा जोरात वरखाली फिरते. मी चौथ्या मजल्यावर नुसतं "विचार चाललाय" म्हणाले. तळमजल्यावर पोचेपर्यंत पोरीला शाळेने हाकलून दिलेलं होतं, नवऱ्याची नोकरी गेलेली होती आणि आम्ही सगळे संन्यास घेऊन हिमालयात निघालेलो होतो.

खरं कारण अगदी साधं. आमची थोरली जन्मली तीच बडबडत. ती पोर सीनियर केजीत गेली आणि घरातसुद्धा "मे आय ड्रिंक वॉटर?" असं विचारल्याशिवाय पाणी पिईना. एकदा मी बाथरूममध्ये होते, तर ही माठासमोर परवानगीची वाट बघत उभी. ओठ सुकलेले. त्या दिवशी माझं ठरलं. कल्याणच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बिलांचं काम करायचे, ते सोडलं. नवरा ठाण्याला त्याच्या ऑफिसात जात राहिला, कारण घरातल्या कुणीतरी जायला हवंच होतं. धाकटी चार वर्षांची, तिला अजून कुठेच घातलेलं नव्हतं. ती फुकटात आमच्या शाळेत दाखल झाली.

ह्या सगळ्याच्या बदल्यात मला एकच गोष्ट हवी होती. थोरली ज्या दिवशी अक्षरं जोडून पहिला शब्द वाचेल, तो शब्द मला ऐकायचा होता. सगळ्यात आधी मला. शेजारणीला नाही, सासूबाईंना नाही, आणि नवऱ्याला तर मुळीच नाही.

नवऱ्याने असं काय केलं होतं, असं कुणी विचारेल. सांगते.

सोमवार ते शनिवार राबायचे मी. परातीत रवा पसरायचा, त्यात बोटाने अक्षर काढायचं, पुसायचं, परत काढायचं. मग त्याच रव्याचा उपमा. त्या वर्षी आमच्या घरी पोहे शिजलेच नाहीत. माणशी एक पोतं रवा गेला असेल. अक्षरं सगळी आली पोरीला. जोडायचं म्हटलं की संप.

"वाच बघू."

"घ. र."

"हां! मग काय झालं?"

"घ झालं आणि र झालं."

"अगं, जोडून म्हण ना."

"घ आणि र," ती शांतपणे म्हणायची, आणि धाकटी टाळ्या वाजवायची.

आणि रविवार उजाडला की नवरा उठायचा, लिंबू आणि खायचा सोडा घेऊन बाल्कनीत बसायचा आणि ज्वालामुखी काढायचा. फुस्स! अर्धा तास. पोरी अशा किंचाळायच्या की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत यायचे. मग हा हात धुऊन मॅच बघायला मोकळा, आणि बाल्कनी मी पुसायची. पुढचे सहा दिवस घरात एकच चर्चा: बाबांची शाळा. "आई, बाबांची शाळा कधी आहे?" मग मी काय चालवत होते? पोळीभाजी केंद्र?

त्यात समोरच्या काकू. एके दिवशी लिफ्टमध्ये मला गाठून म्हणाल्या, "तुमचे मिस्टर किती करतात हो मुलींचं! आमच्यांना विचारा, मुलगा कितवीत आहे ते. सांगता येणार नाही."

"हो ना," मी म्हणाले. चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मी हसत होते. खाली पोचले तेव्हा गाल दुखत होते आणि पोटात जे पेटलं होतं त्यावर सगळ्या बिल्डिंगचा चहा झाला असता.

त्याच संध्याकाळी मला एकदम दिसलं काय होणार ते. मी सहा दिवस घासणार, दगडाला घाम आणणार, आणि सातव्या दिवशी हा लोळत लोळत म्हणणार, "काय गं, इथे काय लिहिलंय?" आणि ती वाचणार! मग काकू, सासूबाई, त्याचं अख्खं ऑफिस एका सुरात म्हणणार, बघा, बापाने वाचायला शिकवलं.

तेव्हा मी घरात एक नियम काढला. बाबा आले की पुस्तक बंद.

पोरींना सांगितलं की बाबा दमून येतात, त्यांना त्रास द्यायचा नाही. खाली गेटवर त्याच्या बाइकचा आवाज आला की माझ्या घरात बॉम्बहल्ल्याची तयारी. पुस्तकं सोफ्याखाली, रव्याची परात ओट्यावर, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर टॉवेल. तो दार उघडून बघतो तर दोघी हाताची घडी घालून पंख्याकडे बघतायत. "आज काय शिकलात?" त्याने विचारलं की थोरली माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "काही नाही." रविवारी तर मी घरातला एकूण एक छापील कागद लपवायचे. बिस्किटाचे पुडेसुद्धा डब्यात रिकामे करून ठेवायचे. शिकवण्यासाठी नोकरी सोडलेली बाई मी, आणि पोरीच्या दृष्टीस अक्षर पडू नये म्हणून घरभर धावत होते. त्या वेळी मला ह्यात विचित्र काही वाटत नव्हतं.

पण घराबाहेरचं जग कुठे डब्यात भरणार? नवरात्रात आम्ही सासूबाईंकडे ठाण्याला गेलेलो. संध्याकाळी टेंभी नाक्यावर देवीला निघालो, ही गर्दी! नवऱ्याने थोरलीला खांद्यावर घेतलं. मी वर बघितलं आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. चहूकडे बॅनर. शुभेच्छुकांचे, दागिन्यांचे, क्लासवाल्यांचे. एकेक अक्षर माझ्या पोरीएवढं मोठं, वरून लाइट सोडलेले, आणि पोर बरोबर त्या उंचीवर, त्याच्या खांद्यावर! तिचे ओठ हलायला लागले होते. देवीशपथ, मी बघितलं.

"बुढ्ढी के बाल!" मी ओरडले. गर्दी फाडत गेले आणि विकणाऱ्याकडचं साखरेच्या कापसाचं सगळ्यात मोठं गुलाबी गाठोडं आणून तिच्या तोंडापुढे धरलं. ठाणे शहर दिसेनासं झालं.

"अगं, जेवायच्या आधी?" नवरा खालून म्हणाला. त्याच्या केसांत निम्मं चिकटलं होतं.

"सणासुदीचं चालतं."

"तूच तर साखर बंद केलीयेस ना घरात?"

"ते घरात. हे ठाणं आहे."

ते गाठोडं संपेपर्यंत मी त्याला वळवून वळवून अशा गल्लीतून नेलं, जिथे भिंतीवर नुसत्या गोवऱ्या असाव्यात. सासूबाईंच्या घरी पोचलो. पोरीने चप्पल सरळ ठेवली, तर सासूबाई नवऱ्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "बापावर गेलीय पोर. बापाचा डोका हाय." चप्पल ठेवण्यातसुद्धा बापाचं डोकं! मी त्या रात्री आमटी तिखट केली. सगळ्यांना घाम फुटला. मला बरं वाटलं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. थोरली काही वाचेना. माहेरी मोहन्याला जायचे तेव्हा आई विचारायची, "अजून नाही?" मी म्हणायचे, "आमची पद्धत वेगळी आहे." पद्धत कसली? मी रोज सकाळी तिच्या तोंडाकडे मांजरासारखी बघत बसायचे, आणि ती घ आणि र म्हणायची.

मग एका बुधवारी नवऱ्याचं काम घरून होतं. तो बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन कानात ते हेडफोन घालून बसलेला. मी वाटण काढत होते. पोरी दुसऱ्या खोलीत, दार लोटलेलं. मिक्सर बंद केला आणि आतून आवाज आला.

"मगर नदीत पडून होती. तिला कुणी हाक मारली नाही. मग ती स्वतःच हसली."

मला वाटलं मोबाइलवर काहीतरी लागलंय. पण मोबाइल माझ्या खिशात. मी तशीच, हाताला खोबरं, दाराशी गेले. फटीतून बघते तर थोरली पलंगावर मांडी घालून, पुस्तक धाकटीकडे वळवलेलं, बोट ओळीखाली. अडखळत नव्हती. सरळ वाचत होती, पान उलटत होती. हे काही आजचं नव्हतं. आठवड्याचंही नव्हतं. मी मांजरासारखी टपून बसलेले, आणि दूध कधीच कुणीतरी पिऊन, वाटी धुऊन, पालथी घालून ठेवलेली.

धाकटीने पान ओढलं. थोरलीने तिच्या हातावर चापट मारली आणि माझ्या आवाजात, अगदी माझ्याच आवाजात म्हणाली, "नीट बस. आणि बाबांना दाखवायचं नाही हं. बाबा आले की पुस्तक बंद. सोफ्याखाली टाक, पटकन!"

मागे कुणीतरी श्वास घेतला. नवरा उभा होता. हेडफोन गळ्यात.

"म्हणजे काय?" त्याने विचारलं.

मी आयुष्यात कधी उत्तराशिवाय उभी राहिलेली नाही. भाजीवाला, ट्रान्सपोर्टचे ड्रायव्हर, काकू, सगळे साक्ष देतील. त्या दिवशी मी नुसतं दार ओढून घेतलं.

"मी पुस्तक घेतलं की ती उठून जायची," तो म्हणाला. "रविवारी. दोनतीनदा झालं असं. मला वाटलं, माझ्याबरोबर वाचायला तिला आवडत नसेल. म्हणून मग त्या सोडा-लिंबावरच राहिलो."

एवढंच बोलला. ओरडला असता तर मी वरचढ ओरडले असते, तेवढा सराव आहे. पण तो चेहरा बघून हातातलं खोबरं कुठे पुसावं तेही कळेना.

"मला आधी ऐकायचं होतं," मी म्हणाले. "तुझ्या आधी."

"अगं, मग सांगायचंस ना. मी कानात बोळे घालून फिरलो असतो."

"तसं नाही. तुला सगळे... तुझं अर्धा तास, आणि माझं..." त्याला कळलं असावं, कारण त्याने मान हलवली आणि दार ढकललं.

"बाहेर थांबा," थोरली म्हणाली. "वर्ग चालू आहे."

"अगं, आम्ही आहोत."

"पालकांनी बाहेर थांबायचं असतं." शाळेतून एवढी एक गोष्ट ती पक्की शिकून आलेली.

"बरं, एक सांग," मी दारातूनच म्हणाले, "कधीपासून वाचतेस तू?"

"मी वाचत नाही. मी हिला शिकवते."

"पण पहिला शब्द कुठला वाचलास, पहिला?" हे नवऱ्याने विचारलं. म्हणजे ह्यालाही हवाच होता तर! क्षणापूर्वी दया आली होती, ती लगेच परत घेतली.

थोरलीने खांदे उडवले. तिला आठवतच नव्हतं. पण धाकटी पलंगावर उभी राहिली, छाती पुढे काढून.

"मला माहितीये! मी ऐकलाय! सांगणार नाही!"

चार वर्षांची चिमुरडी. अख्खं वर्ष मी जिच्या बापावर जळले, तो बिचारा रांगेत माझ्याही मागे उभा होता, आणि सगळ्यांत पुढे ही. नाक पुसता येत नाही, आणि पहिला शब्द हिच्या मालकीचा!

घरातले नियम त्याच दिवशी मोडले. पुस्तकं सोफ्यावर आली, टॉवेल अंग पुसायला परत गेला. आता संध्याकाळी थोरली बापाला वाचून दाखवते आणि मी स्वयंपाकघरातून त्याचं "वा! वा!" ऐकते. जळत नाही असं नाही. मुळात तो "वा" फार वेळा म्हणतो, एका वाक्याला एक पुरे. पण मी भांडी जरा हळू ठेवते, तेवढी सुधारणा आहे.

धाकटी मात्र तोंड उघडेना. मी तिला गुदगुल्या केल्या, गोष्टी सांगितल्या, दुपारी तिची बाहुली माझ्या पदराशी झोपवली. शेवटी काल केस विंचरताना तिने माझं डोकं खाली ओढलं आणि कानात सांगितलं. "आई."

आई! ताईने वाचलेला पहिला शब्द आई! मी फणी हातात घेऊन घरभर चार चकरा मारल्या. काकूंना सांगायला दार उघडलं होतं, मग म्हटलं, जाऊ दे, नवऱ्याला वाईट वाटेल. एवढं मोठं मन झालं होतं माझं. साजूक तुपाचा शिरा केला, बेदाणे मोजले नाहीत.

संध्याकाळी तो आला, तर हातात आइस्क्रीमचा डबा. गुणगुणत होता. माझ्याकडे बघून इतकं प्रेमाने, इतकं दया आल्यासारखं हसला, की मलाही त्याची दया आली, आणि मीही तस्संच हसले.

"शिरा कशाबद्दल?" त्याने विचारलं.

"असाच. आइस्क्रीम कशाबद्दल?"

"असंच." त्याला राहवेना. "मी सांगणार नव्हतो, तुला लागेल म्हणून. पण सकाळी निघताना धाकटीने सांगितला मला पहिला शब्द."

"कुठला?"

"बाबा," तो म्हणाला, आणि खुर्चीवर मागे रेलला.

आम्ही दोघांनी एकदम मान वळवली. धाकटीने एका हातात शिऱ्याची वाटी घेतली, दुसऱ्या हातात आइस्क्रीमची, आणि पायाने दार लोटत ताईच्या वर्गात गेली.