भावोजींची संमती

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भावोजींशी आजवर कुणालाही वाद घालता आलेला नाही. मी घालून पाहिला, त्यांच्या बायकोने लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून घालून पाहिला, आणि ओजिमातल्या आमच्या इमारतीत कुणी कुठला कचरा कुठल्या दिवशी टाकला यावर डोळा ठेवणारे जपानी आजोबा, जे वाऱ्याशीही भांडतात, त्यांनीही घालून पाहिला. तुम्ही तोंड उघडायचा अवकाश, भावोजींची मान हलायला लागते. "बरोबर आहे वहिनी, तुमचं अगदी बरोबर आहे." पुढचं वाक्य मग तुमच्याच घशात अडकतं.

नात्याने ते माझे कुणी नव्हेत. माझ्या नवऱ्याबरोबर पुण्याहून इकडे आलेले सॉफ्टवेअर इंजिनियर, म्हणून भावोजी. हा देश मात्र त्यांना फारच मानवला. समोरचा बोलत असताना दर वाक्याला "हाय, हाय", म्हणजे "हो, हो", म्हणत मान डोलवायची इथे रीतच आहे. बाकीच्यांना ती शिकावी लागली, भावोजी ती घेऊनच विमानातून उतरले. पहिल्याच वर्षी त्यांच्या दारात तीन वेगवेगळी जपानी वर्तमानपत्रं पडायला लागली. त्यांना तेव्हा जपानी वाचता येत नव्हतं, पण घरोघर फिरणारे विक्रेते दार वाजवून "घ्याल ना?" म्हणत, आणि हे "घेतो" म्हणत. ती बंद करायला मी दिवसभर फोनवर भांडले. त्यांच्या बायकोचं म्हणणं, "राहू द्या हो ताई, पेपराबरोबर कपडे धुवायची पावडर फुकट देतात." न्हाव्याकडे तर त्यांना एकटं पाठवायची सोय नाही. तो बिचारा सभ्यपणे "अजून थोडे कमी करू का?" असं विचारत राहतो, आणि भावोजी इथल्या शाळेच्या बेसबॉल संघात निवड झाल्यासारखे डोकं तासून घरी येतात. एका गणपतीत मोदक उकडीचे की तळणीचे यावरून इथल्या मराठी मंडळातल्या बायकांचे दोन तट पडले. भावोजींनी दोन्हीकडे संमती दिली. दोन्हीकडचे डबे त्यांच्याकडे आले आणि ते दोन्ही त्यांनी निमूटपणे संपवले. दोन दिवस ऑफिसला गेले नाहीत, ते वेगळं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. २०११ च्या मोठ्या भूकंपानंतरचं येत नाही. त्या दिवसांत विमानतळाकडे रांगा लागल्या होत्या. बायको म्हणाली, इथे एक दिवस राहायचं नाही. हे म्हणाले, बरोबर आहे. ऑफिसातून विचारणा झाली, तुम्ही थांबाल का? हे म्हणाले, थांबतो. दोन्ही शब्द त्यांनी पाळले. बायकोला आणि लहानग्या लेकीला पुण्याला पोचवलं आणि स्वतः परत आले. इमारत हलत होती, दुकानात पाणी मिळत नव्हतं, आणि हा माणूस हेल्मेट बॅगेत घालून रोज कामाला जात होता. त्यांच्या काचो-सानांनी, म्हणजे विभागाच्या साहेबांनी, तेव्हा त्यांना सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला होता.

म्हणून, बायको-लेक परत येऊन काही वर्षं उलटल्यावर, लिफ्टची वाट बघताना भावोजी जेव्हा म्हणाले, "वहिनी, मी परस्पर संमतीने नोकरी सोडली," तेव्हा माझ्या हातातली कांद्याची पिशवी खाली पडली.

परस्पर संमती! भावोजींची! स्टेशनबाहेर फुकट वाटतात त्या टिश्यूच्या पाकिटासारखी ती. हात पुढे करील त्याला मिळते.

"काय म्हणाले काचो-सान?"

"म्हणाले, काम कमी झालंय. तुम्ही पुढचा विचार केलात तर दोन्हीकडून सोयीचं होईल. मी म्हटलं, बरोबर आहे."

"आणि तुम्हालाच का?"

"ते जुनंच. दरवर्षी माझ्या शेऱ्यात असतं ना, सांगितलेलं काम उत्तम करतो, पण स्वतःहून कधी काही सुचवत नाही. खरंच आहे ते. पण इतके वाकले हो ते, मलाच वाईट वाटलं."

"तुम्हाला त्यांचं वाईट वाटलं?"

"बोलायला जड जात होतं त्यांना."

मी कांदे गोळा केले. एखादा कांदा फेकून मारावासा वाटत होता, पण काचो-सान तिथे नव्हते.

खरा संताप पुढेच होता. कंपनीकडून कागद आले, त्यावर नोकरी सोडण्याचं कारण लिहिलं होतं : स्वतःच्या इच्छेने. मी एका ट्रेडिंग कंपनीत माणसांच्या नेमणुकांची आणि राजीनाम्यांची कामं बघते, त्यामुळे या दोन शब्दांची किंमत मला ठाऊक आहे. कंपनीने जा म्हटलं आणि तुम्ही हो म्हटलंत, तर बेकारीचा भत्ता लवकर सुरू होतो. स्वतःच्या इच्छेने गेलात, तर काही महिने हात चोळत बसा. भावोजींची शिल्लक पुण्याच्या फ्लॅटने गिळलेली. लेक हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेला बसणार, बोलते जपानीत, भांडते जपानीत, मराठी फक्त जेवायला बोलावल्यावर समजते. भत्ता थांबला तर परीक्षेआधीच तिला उचलून पुण्याला न्यावं लागणार होतं.

"ह्यांना म्हटलं, आधी मला विचारायचं," त्यांची बायको डोळे पुसत म्हणाली. "तर म्हणतात, बरोबर आहे!"

"उद्या रोजगार कार्यालयात मी तुमच्याबरोबर येते," मी भावोजींना बजावलं. "तिथे म्हणायचं, या कारणाला माझी हरकत आहे."

"हो."

"नक्की म्हणाल?"

"हो."

मला धास्ती त्या 'हो'चीच होती.

खिडकीपलीकडच्या बाई अतिशय सौम्य होत्या, आणि तिथेच माझा धीर सुटला. कुणी खेकसलं असतं तर भावोजी निदान गप्प तरी बसले असते. बाई हसून म्हणाल्या, "कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, जाण्याचा विषय आपणच काढलात. तसंच ना?"

भावोजींची मान हलायला लागली. मी टेबलाखालून माझा बूट त्यांच्या बुटावर ठेवला आणि सगळा भार दिला.

मान थांबली.

"माफ करा," ते त्यांच्या सावकाश जपानीत म्हणाले, "पण यात एक अडचण आहे. कंपनी दरवर्षी लिहीत आली आहे की मी स्वतःहून कधी काही सुचवत नाही. ते अगदी बरोबर आहे, त्याला माझी संमती आहे. मग नोकरी सोडण्याचं तेवढं मी स्वतःहून कसं सुचवीन? ते काचो-सानांनी सुचवलं. मी फक्त हो म्हटलं. हवं तर माझ्या बायकोला विचारा, मी घरातसुद्धा काही सुचवत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग तोंडावर हात ठेवून खोकल्या. तो खोकला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. "म्हणजे, आपली हरकत आहे असं लिहू?"

भावोजींचा चेहरा दाढ उपटताना होतो तसा झाला. "लिहा," ते म्हणाले. आणि लगेच, "काचो-सानांना यात त्रास नाही ना होणार?"

मी बूट पुन्हा दाबला.

कार्यालयाने कंपनीकडे चौकशी केली. काचो-सानांनी म्हणे पहिल्याच प्रश्नाला कबूल केलं, की हो, विषय मीच काढला. मग कागदावर ते दोन शब्द कुणी घातले? कुणालाच माहीत नाही! मला अजूनही तो प्रसंग आठवला की भाजी जास्त बारीक चिरली जाते. असो. निकाल भावोजींच्या बाजूने लागला, भत्ता वेळेवर सुरू झाला, लेक परीक्षेला बसली आणि पासही झाली. नव्या वर्षाला काचो-सानांचं शुभेच्छापत्र आलं. भावोजींनी त्यांना उलट दोन पाठवली.

पुढे त्यांना इचिकावाला नोकरी मिळाली आणि घरही तिकडेच घेतलं. इचिकावा म्हणजे काही परदेश नव्हे, आमच्याच गाडीच्या मार्गावर, नदी ओलांडली की आलं. सामान गेलं त्या सकाळी मी वर गेले. रिकाम्या खोल्यांत आमचे आवाज घुमत होते. निरोप हा प्रकार मला जमत नाही, म्हणून सगळे म्हणतात तेच म्हणाले.

"आता काय, तिकडे गेलात की आम्हाला विसराल."

आणि मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले, ती हलायची वाट बघत.

मान हलली नाही. भावोजी म्हणाले, "नाही वहिनी. हे तुमचं बरोबर नाही."

दारात त्यांचा जुना सोफा दिसला, मोठ्या कचऱ्यात जाणारा, आणि त्याला अजून कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, विकत आणायचं कचरा-फीचं स्टिकर लावलेलं नव्हतं. मी त्यावरून भावोजींना चांगलं फैलावर घेतलं. ते मान डोलवत म्हणाले, "बरोबर आहे, अगदी बरोबर आहे," आणि आवाज ताळ्यावर येईपर्यंत मी बोलत राहिले.