आईचं इष्टलिंग

आई गेली त्या दिवशी देव आहे की नाही, असा प्रश्नसुद्धा मला पडला नाही. डोकंच बंद पडलं होतं. सकाळी चहात साखर कमी झाली म्हणून माझ्यावर करवादलेली बाई दुपारी ओसरीत पांढऱ्या चादरीखाली होती. आमचं घाटनांदूरला किराणा दुकान, घर त्याच्याच मागे. भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तर मी त्यांना विचारलं, "काय देऊ?" आपण काही भलतंच बोललो, हे मला कळलंही नाही. रडू तर येतच नव्हतं.

आंघोळ घालताना बहिणीनं आतून हाक मारली. आईच्या गळ्यात लिंग नव्हतं. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग माणसाबरोबरच मातीत जातं; बसवून माती देतात तेव्हा ते डाव्या तळहातावर ठेवतात. आई ते कधी अंगावेगळं करत नसे, नातवंडांनाही हात लावू देत नसे. छातीत दुखतंय म्हणाली म्हणून सकाळीच तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं होतं; तिथे छातीचा फोटो काढायला नेताना उतरवलं असणार. मी तेव्हा औषधं आणायला गेलो होतो. परत आलो तोवर सगळं संपलं होतं, आणि आम्ही तिला तशीच घरी आणली होती. पिशव्या उलट्या केल्या, गाडीच्या सीटा उचकल्या, दवाखान्यात फोन लावला. कुठेच नाही.

मठातले स्वामी म्हणाले, "दुसरं लिंग देतो लेकरा, शास्त्राला चालतंय. खड्डा तयार हाय, माणसं खोळंबलीत." शास्त्राला चालत असेल, मला चालत नव्हतं. जन्मभर जे हातावर घेऊन ती पूजेला बसली, ते सोडून परकंच काहीतरी हातात देऊन तिला मातीत बसवायचं? मी नुसता "थांबा" म्हणत राहिलो. कशासाठी थांबायचं, ते मलाही माहीत नव्हतं. देवाचं नाव घ्यावं, एवढंही सुचलं नाही, हे खरं सांगतो.

ऊन कलायला लागलं तेव्हा दारात एक बाई आली. जीपमधून उतरून घर विचारत आली होती. उजवी मूठ पदराखाली, छातीशी धरलेली.

"दुकानवाल्या माईचं घर हेच का? माझं माणूस तिच्या शेजारच्या खाटंवर हाय."

फोटोला नेताना आईनं लिंग हिच्या हातात दिलं होतं. खाली ठेवू नको, एवढंच सांगितलं होतं. मग हिच्या नवऱ्याला रक्त तपासायला नेलं, आणि ही त्याच्याबरोबर जाऊन येते तोवर खाट रिकामी. खाटेवर पडल्या पडल्याही आईची बडबड चालूच होती म्हणे, त्यातून गाव आणि दुकान हिला ठाऊक झालेलं. नवऱ्यापाशी जावेला बसवून ही तशीच निघाली होती.

तिनं मूठ उघडली. लिंगाच्या चांदीच्या डबीच्या कडा तळहातावर उमटल्या होत्या. मी डबी घेतली, तशी ती म्हणाली, "आता पाणी द्या भाऊ. सकाळपासून घोट घेतला न्हाई. देव हातात हाय, कशापायी तोंड उष्टं करावं, म्हणलं."

ती घटाघटा पाणी प्यायली आणि मला रडू फुटलं. सगळ्या गावासमोर, लहान पोरासारखं. बहीण मला धरून बसली.

"लई उशीर झाला, माणूस वाट बघत असंल," म्हणत ती बाई निघूनही गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. तिला देवानं पाठवलं का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच दिसतं, की जी आई घरच्यांनाही हात लावू देत नव्हती तिनं अखेरच्या घटकेला आपला देव एका अनोळखी बाईच्या स्वाधीन केला आणि निश्चिंत झाली. मला मात्र आईलाच कुणाच्या स्वाधीन करवत नव्हतं. खड्ड्यात बसवल्यावर स्वामींनी लिंग आईच्या तळहातावर ठेवलं, भस्म लावलं, बेल वाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्या बाईला आणि महादेवाला एकदमच हात जोडले, आणि आईला पहिली माती दिली.