हफ्रच्या वाळूत उगवलेला गहू

सौदीच्या उत्तरेला, हफ्र अल बातिनच्या पुढे डांबरी रस्ता संपतो, तिथून आणखी तासभर वाळूतून गेलं की आमची जमीन. आमच्या आधी तिथे कुणीच राहिलेलं नव्हतं. नवरा दापोलीला शेतकी शिकलेला. कफीलने, म्हणजे आमच्या अरब मालकाने, ही नवी जमीन घेतली आणि तिच्यावर गहू उभा करायचं काम त्याच्याकडे दिलं. सोबत मी आणि सहा वर्षांची लेक. घर म्हणजे ट्रकवरून आणून ठेवलेली पत्र्याची लांबोडकी खोली. मी दारात उभी राहून चारी दिशांना पाहिलं.

"अहो, शेत कुठंय?"

"तू उभी आहेस ना, तेच."

मला जे हसू फुटलं ते थांबेचना. घाबरलेच होते, पण हसतच राहिले.

उन्हाळ्यात खोल विहिरीला पाणी लागलं. ते आलं तेच वाफाळत, उकडलेल्या अंड्यांचा वास घेऊन. आम्ही तिघं आणि पेशावरकडचे ट्रॅक्टर ड्रायव्हर भाईसाब कपड्यांसकट त्या धारेखाली नाचलो. लेक ओरडत होती, "बाबा, गीझर मिल गया!" त्या भाईसाबांच्या संगतीत तिचं मराठी निम्मं हिंदी झालं होतं.

मग इराकने कुवेत गिळल्याची बातमी आली. थोड्याच दिवसांत आमच्या क्षितिजावर तंबू उगवले, रणगाड्यांची धूळ दिसू लागली. नवऱ्याने तरीही डिसेंबरात गहू पेरला. चाकांवर गोल फिरणारा पाण्याचा लांब लोखंडी नळ सुरू केला. जानेवारीत लढाईला तोंड फुटणार असं दिसताच भाईसाब लेकीच्या डोक्यावर हात ठेवून गावी गेले. त्याच आठवड्यात कफील स्वतः गाडी घेऊन आला.

"खलास! सामान भरा. रियाधला माझ्या भावाकडे राहा. यल्ला, चला!"

नवरा म्हणाला, "चार दिवस पाणी तुटलं तर कोंब जळतील." मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही दोघी जा. मी थांबतो."

त्याच सकाळी मी शेताच्या कडेला बसून ते कोंब पाहिले होते. पोपटी, दवाने ओले, बोटभर उंच. सगळ्या उघड्या वाळवंटात तेवढंच हिरवं. कसली भूल पडली कोण जाणे, मी म्हणाले, "एकट्याने इंजिन आणि ट्रॅक्टर दोन्ही कसं बघाल? ट्रॅक्टर मी शिकते."

कफील पोट धरून हसला. जाताना मात्र तीन गॅसमास्क आणि खजुरांची पेटी ठेवून गेला.

मास्क घालायची तालीम आम्ही रोज नाश्त्यानंतर करायचो. लेकीचा मास्क ढगळ होता. ती त्यातून माझी नक्कल करायची, "पोळी खा, पोळी खा," आणि तो घुमणारा आवाज ऐकून माझ्या मास्कची काच हसण्याने धुरकट व्हायची. दूरवर धमाके होत. पत्रा थरथरला की ती माझ्या मांडीत शिरे, पण जरा वेळाने पुन्हा मास्क चढवून हजर.

ट्रॅक्टर मी तीन दिवसांत शिकले. चौथ्या दिवशी, दुपारी, परदेशी सैन्याचे दोन अवजड ट्रक रस्ता चुकून थेट गव्हात घुसले. आदल्या दिवशीच पाणी दिलेलं. शेकडो मैल कोरड्या वाळूतून आलेले ते ट्रक आमच्या चिखलात निम्म्या चाकापर्यंत रुतले! पोरसवदा सैनिक उतरले, एकाचा बूट चिखलातच राहिला. तो एका पायावर उभा राहून विचारत होता, "मॅडम, हे वाळवंट आहे ना?"

"होतं," मी म्हणाले. "आता शेत आहे. गव्हावरून बाजूला व्हा!"

नवरा इंजिनाकडून धावत आला. त्याने साखळदंड बांधला, मी साडी खोचून ट्रॅक्टरवर चढले. पहिल्या हिसक्याला मीच मागे पडता पडता राहिले. दुसऱ्याला ट्रक हलला. तिसऱ्याला तो असा सुटून आला, की सैनिकांनी टोप्या उडवल्या आणि लेक मास्क घालूनच शेताभोवती धावत सुटली. मी ट्रॅक्टर बंद करायचं विसरून पुढे पुढेच जात होते.

"अगं, थांब! ब्रेक!" नवरा मागून पळत होता.

इतकी हलकी मी आयुष्यात कधी झाले नव्हते. दुसरा ट्रकही ओढून काढल्यावर सैनिकांनी बदल्यात जेवणाची बंद पाकिटं दिली. मी त्यांना घरात डब्यांत वाढवलेली घमेलंभर कोथिंबीर दिली. तिचं काय करायचं, हे त्यांना बहुधा कधीच कळलं नसेल.

लढाई संपली, तरी कुवेतच्या तेलविहिरींचा धूर कित्येक दिवस आमच्यावर होता. दुपारी दिवा लावावा लागे. पानांवर काजळी बसली तेव्हा नवरा पहिल्यांदा खचला. जेवणाचं ताट तसंच ठेवून उठला. मी पुसून पाहिलं तर खाली पान हिरवंच होतं. मग पाण्याचा नळ आणखी हळू फिरवत आम्ही सगळं शेत धुऊन काढलं.

ट्रकांनी तुडवलेला पट्टा सोडला तर गहू भरघोस आला. कापणीला कफील सगळं खानदान घेऊन आला, पायातल्या वहाणा काढून ओंब्यांमधून चालला. माझ्याशी थेट बोलायचा त्याचा रिवाज नव्हता. त्याने नवऱ्याला सांगितलं, "तुझ्या ड्रायव्हरला सांग, शाब्बास."

गव्हाने भरलेल्या ट्रॉलीत लेकीने उडी मारली, आणि मग मीही मारली. आठवडाभर आम्हा दोघींच्या केसांतून दाणे गळत होते.