ओन्सेनकाका

ओन्सेनकाका एकदा गरम पाण्यात बसले की ब्रह्मदेव आला तरी उठायचे नाहीत. ड्युसेलडॉर्फजवळच्या थेर्मेमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या स्नानगृहात, बंद व्हायची वेळ झाली की कर्मचारी येऊन काठावर उभा राहायचा. काका त्याला "आल्झो, पाच मिनिटं" असं जर्मनमध्ये सांगून पुन्हा डोळे मिटायचे. आम्ही बाहेर ओल्या केसांनी ताटकळत. ते पुतण्याकडे कार्ल्सरूहेला राहायला गेले तेव्हा मी हुश्श केलं, हे आधीच सांगून टाकतो.

ओन्सेन म्हणजे जपानमधली गरम झऱ्यांची न्हाणीघरं. काकू जपानी. इथल्याच एका जपानी कंपनीत दोघांचं जमलं, आणि दर सुट्टीत जोडीने काकूंच्या गावी जाऊन ओन्सेनमध्ये बसायचं हा नेम झाला. माझी काकांशी ओळख झाली तेव्हा काकू नुकत्याच गेल्या होत्या आणि नियम तेवढे मागे राहिले होते. "आधी अंग घासून स्वच्छ करायचं, मगच पाण्यात उतरायचं. ते पाणी धुवायला नसतं रे, गप्प बसायला असतं." हे मी झोपेतही म्हणून दाखवीन. एकदा अंग न धुता उतरणाऱ्या एका जर्मन आजोबांना त्यांनी लांबलचक झापलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले आणि तसेच उतरले.

मी आणि माझी बायको मधुरा, आम्ही जपानला जायचं ठरवलं तेव्हा काका आमंत्रणाची वाट न बघता म्हणाले, "मी येतो. तुम्ही दोघं घोळ घालाल." काकू गेल्यापासून ते तिकडे फिरकले नव्हते. एकट्याने त्या गावी जायचा धीर होत नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तसं कबूल करतील तर ते काका कसले? काकूंच्या गावचं ओन्सेन शेवटच्या दिवशी ठेवा, एवढं मात्र पुन्हा पुन्हा बजावलं.

घोळ मीच घातला. पहिल्याच ओन्सेनमध्ये सगळे पुरुष दिगंबर होऊन बुटक्या स्टुलांवर अंग घासत बसले होते. कपडे बाहेर टोपलीत ठेवायचे असतात. मी चड्डी तेवढी आत नेली आणि जन्माच्या सवयीने साबण लावून धुतली, पिळली, नळावर वाळत टाकली. आपली चड्डी आंघोळीत आपणच धुवायची, हे आईने शिकवलेलं. काका शेजारच्या म्हाताऱ्यापुढे वाकवाकून माफी मागत होते. पुढे प्रत्येक जेवणाला तोच विषय. "इंजिनियर झालास, जर्मनीत घर घेतलंस, पण चड्डी काही सुटली नाही." मी दात-ओठ खात नूडल्स गिळायचो आणि मधुरा पाणी प्यायच्या निमित्ताने हसायची.

शेवटच्या दिवशी काकूंच्या गावी पोचलो. जुनं लाकडी न्हाणीघर, इकडे पुरुष, तिकडे बायका, मधली भिंत छतापर्यंत न पोचणारी. परतीची शेवटची बस सुटायला आली तरी काका पाण्यात. चेहरा टोमॅटोसारखा लाल. मला भीती वाटत होती आणि रागही मस्तकात गेला होता.

"अहो काका, चक्कर येईल. बसही जाईल. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," ते डोळे मिटूनच म्हणाले. "तिकडून ती हाक मारायची, मी निघते म्हणून. मग मी उठायचो. केव्हा उठायचं ते मी कधी ठरवलंच नाही रे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी पाण्यातूनच भिंतीपाशी गेलो आणि ओरडलो, "मधुरा, काकांना हाक मार. तू निघतेस म्हणून सांग."

मधुरा घरातसुद्धा कधी आवाज चढवत नाही. तिकडून तिचा संकोचलेला, बारीक आवाज आला, "काका, मी निघते. या तुम्ही."

काकांनी डोळे उघडले. भिंतीकडे बघून ते जपानीत काहीतरी म्हणाले, हलक्या आवाजात, रोज घरात बोलावं तसं. मधुराला जपानीतलं अक्षर कळत नाही. मग काठ धरून ते सावकाश उठले.

बस निघून गेली होती. मी काकांची पिशवी उचलून खांद्याला लावली.