कुंपणाबाहेरची काकी

काकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालवणच्या बाजारात खाडीतल्या मुडदुशे माशांच्या भावावरून हुज्जत घालत होतो. मनात पहिला विचार आला तो असा की आता माझ्यावर रागवायला कोणी उरलं नाही...

काकी म्हणजे मिठबावच्या थोरल्या काकांची बायको. दोन हजार सालाच्या सुमारास आमच्या सामायिक सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, पवनचक्की उभी राहायची ठरली. विरोधात एकटी काकी, आणि सगळ्यांत आधी सही ठोकणारा सुधारक मी. तेव्हापासून माझ्याबद्दल काही सांगायचं झालं की ती भिंतीकडे बघून सांगायची. ‘ह्येका जेवूक वाढ गो.’ भिंतीने कधी वाढलं नाही; वाढायची तीच, आदळआपट करत.

पुढे बाकीचा सडा चिरेखाणींनी आणि हापूसच्या कलमांनी खाल्ला. चतुर्थीला गणपतीवर टांगतात त्या लाकडी माटवीला बांधायची रानफुलं, पिवळी हरणं नि तिरडे, उरली ती फक्त पवनचक्कीच्या कुंपणात. फुलं तर हवीत, पण त्या फाटकातून पाऊल टाकणार नाही, हा काकीचा हट्ट. मग दर वर्षी माझा वजनदार देह आत ओणवा, आणि ती बाहेरून छत्री रोखून. ‘भायलां खूड, मधलां बियेक रवांदे. मूळ उपटलस तर हात मोडीन.’ एवढं मात्र ती थेट माझ्याशी बोलायची.

एका वर्षी आत काहीच नव्हतं. वणव्याच्या धास्तीने पवनचक्कीच्या कंपनीने श्रावणातच फुलांसकट सगळं गवत कापलेलं. पुढच्या वर्षी तण मारायचं औषध फवारणार होते. गणपती उघड्या माटवीखाली बसला. दुसऱ्या दिवशी काकी फाटकासमोर बसली, कंपनीच्या साहेबाची जीप आत अडकली.

“बी पडांदे,” ती म्हणाली. “दिवाळीनंतर काय ता काप. तंवसर हयसून उठूचंय नाय.”

गवत वाळतं दिवाळीनंतरच, हे साहेबाला पटलं. किंवा भूक लागली असेल. दोन वर्षांत कुंपणातला सडा पुन्हा पिवळा झाला. तेव्हा तोच साहेब कॅमेरा घेऊन आला. पवनचक्कीने राखलेली फुलं, असा फलक लावायचा होता, काकीच्या फोटोसकट.

“पंख्यान नाय राखल्यान, कुपणान राखल्यान,” काकी म्हणाली. “पंखो काढून व्हर. कुपण रवांदे.”

फलक काही लागला नाही.

यंदा एकटाच गेलो. आत ओणवा होऊन बाहेरबाहेरची तेवढी खुडली, मधूनमधून कुंपणापलीकडे बघत... घरी माटवी बांधून झाली, तसा भिंतीकडे वळलो.

“काकी, जमली मा गो?”

भिंत अजून रागातच आहे.