फक्त फ्लॅश उडणारा कॅमेरा

माझी मुलगी सायली लग्नाचे फोटो काढते. तिचा कॅमेरा माझ्या चष्म्याच्या डबीपेक्षा थोडाच मोठा आहे.

ती जिथे शिकली, त्या भिंगारच्या स्टुडिओचे रंगनाथकाका म्हणतात, संध्याकाळी मान धरली नाही तर तो प्रोफेशनल कॅमेराच नव्हे. त्यांच्याकडचाच हनुमंत म्हणतो, दोन कार्डांवर एकदम फोटो साठवतो तो प्रोफेशनल. कार्ड बिघडलं म्हणून अक्षता पुन्हा टाकायला लावता येत नाहीत. सायलीच्या मते, ज्याचा आवाज होत नाही तो. आवाज झाला की माणसं तोंड आवळतात. मला कुणी विचारलं नाही.

मे महिन्यात तिला एकटीने घेतलेलं पहिलं लग्न मिळालं, तिसगावला. एकटी कशी जाईल, म्हणून मीही गेले. हळदीच्या दिवशी नवरीचे वडील श्रीमंतराव तिच्या हाताकडे बघत राहिले.

"पोरी, मोठा कॅमेरा गाडीत हाय का?"

"हाच आहे, काका."

"ह्यो? आमच्या जावयाचा मोबाईल ह्याच्यापेक्षा मोठा हाय. वाईट वाटून घेऊ नको, उद्याला दुसरा मानूस बघतो."

सायलीने रंगनाथकाकांना फोन केला. सकाळी ते स्वतः आपला जुना कॅमेरा घेऊन आले. हातभर लेन्स, वर भलामोठा फ्लॅश. "चार वर्षं झाली, फोटो निघत नाही," ते म्हणाले, "फ्लॅश तेवढा उडतो." आणि तो त्यांनी माझ्या गळ्यात अडकवला.

"मला काही येत नाही हो."

"त्यालाही येत नाही, वहिनी. हे बटण दाबा."

श्रीमंतरावांनी मला खालून वर पाहिलं आणि दुसऱ्या माणसाचा विषय काढला नाही.

दिवसभर मी बटण दाबलं. आहेर द्यायला आलेली माणसं स्टेजवर ताठ उभी राहायची, बायका पदर सारखा करायच्या, श्वास धरायच्या. फ्लॅश उडाला की सगळे सैल व्हायचे, हसायचे, नवरीच्या गालाला हात लावायचे. तेवढ्यात बाजूला उभी असलेली सायली आपला फोटो काढून घ्यायची.

अल्बम बघून झाल्यावर श्रीमंतरावांनी तो पुन्हा पहिल्या पानापासून उघडला. मग म्हणाले, "बघा, मोठ्या कॅमेऱ्याचं काम येगळंच." मार्गशीर्षात धाकटीचं लग्न आहे, तेही त्यांनी सायलीलाच दिलं. अट एकच, मोठ्या कॅमेऱ्याच्या ताई पाहिजेत.

माझी मान अजून धरलेली आहे. मार्गशीर्षापर्यंत फ्लॅश टिकेल ना, एवढंच रोज बटण दाबून बघते.