रेघ सरळ होईपर्यंत

आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस नाना; त्यांनी नोकरीभर एकच काम केलं: पाणी शांत होण्याची वाट पाहिली. ऐकणाऱ्याला वाटेल, काय मजा आहे! एकदा बसून पाहा, म्हणजे कळेल.

प्रयोगशाळेत तीस मीटर लांबीची काचेची टाकी आहे. टोकाची फळी हलवून तीत लाटा सोडायच्या. दोन लाटा एकमेकींना भेटल्या की तिसरीच एखादी बारीक लाट जन्माला येते का, ते मी शोधत होते. प्रयोगाच्या आधीच्या फेरीची जराशी हालचाल पाण्यात उरली, तर खोटीच तिसरी लाट दिसते. म्हणून प्रत्येक फेरीआधी नाना टाकीशी स्टूल टाकून बसत. छतावरच्या ट्यूबलाइटची पाण्यातली रेघ सरळ झाली की म्हणत, "निजलं. सोडा." मग वीस मिनिटं लागोत की चाळीस. मी पहिल्यापासून उतावळी. "नाना, अंगाई म्हणा आता!" म्हणून त्यांचं डोकं खायचे. ते ढिम्म हलायचे नाहीत.

चौथ्या वर्षी तिसरी लाट सापडली. माझे पाय जमिनीवर नव्हते. त्याच दिवसांत नाना शर्टाची बटणं एक घर चुकवून लावून येत. "काकूंनी घाईत हाकललं वाटतं?" मी म्हणायचे. तेही हसायचे.

शोधनिबंध छापायला पाठवायच्या आदल्या दुपारी ते फेऱ्यांची वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. एकशे चाळीस फेऱ्या, त्यांतल्या शेवटच्या साठांपुढे वेडीवाकडी फुली.

"बाई, फुली आहे तिथं मला रेघ दिसत नव्हती. अंदाजानं निजलं म्हणालो. उद्या त्यावर तुमचं नाव लागणार, म्हणून आज आलो."

माझं डोकंच फिरलं. "डोळे गेले होते, तोंड तर होतं ना!" सगळ्यांसमोर ओरडले मी त्या म्हाताऱ्या माणसावर.

"तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं," ते हळूच म्हणाले. "पण फुली मारायची एकदाही चुकवली नाही."

त्या साठ फेऱ्या काढून मी पुन्हा सगळं मांडलं. तिसरी लाट नव्हती. चार वर्षं पाण्यात, दुसरं काय! तसंच लिहून पाठवलं. राग महिन्याभरात गेला. ती बटणं आठवली की मात्र अजून तोंड लपवावंसं वाटतं.

डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. नानांना घरी बसवायचं ठरलं. शेवटच्या दिवशी त्यांना हाताला धरून मी टाकीशी नेलं, स्टुलावर बसवलं. एक फेरी नुकतीच संपली होती.

"आता रेघ तुम्ही बघा," ते म्हणाले. "निजलं की सांगा, मग निघतो. मुलगी फाटकाशी थांबलीय."

मी वाकून पाहत राहिले. अर्ध्या तासानं रेघ सरळ झाली, ताणलेल्या दोरीसारखी.

"निजलं का, बाई?"

"नाही, नाना. अजून हलतंय."

त्यांनी मान डोलावली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.